जोड आणि गळती : स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा इतिहास, पवनेच्या काठावरून

पवना नदीच्या एका काठाला पिंपरी आणि दुसऱ्या काठाला काळेवाडी, अशी या परिसराची मांडणी आहे. पिंपरीच्या बाजूने जुना मुंबई-पुणे महामार्ग आणि लोहमार्ग जातो आणि त्यांना धरून विसाव्या शतकाच्या पन्नाशीपासून कारखाने उभे राहत गेले. काळेवाडीच्या बाजूला, रहाटणी आणि थेरगाव यांच्या शेजारी, त्या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान वर्कशॉपांत काम करणाऱ्यांची वस्ती दाटत गेली. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका स्थापन झाली, त्या काळात आणि त्यानंतरही मराठवाडा, खानदेश, सोलापूर, सातारा अशा भागांतून आलेल्या कुटुंबांनी येथे गुंठा-अर्धा गुंठा जागा घेऊन घरे बांधली. अशा वस्तीचा आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील मोठ्या शस्त्रक्रियेचा संबंध वरवर पाहता काहीच दिसत नाही. परंतु ज्या गोष्टींमुळे ही शस्त्रक्रिया सोसणे माणसाला शक्य झाले, त्यांपैकी प्रतिजैविकांच्या भारतीय उत्पादनाचा आरंभ नदीच्या पलीकडच्या काठावर झाला, आणि तिचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न अलीकडच्या काठावर आजही घरोघर सोडवावा लागतो.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवी टेकलेली, सुमारे वीतभर लांबीची मऊ ग्रंथी आहे. तिची दोन कामे आहेत : रक्तात इन्शुलिन सोडणे आणि आतड्यात पाचकरस सोडणे. तिचे ‘डोके’ म्हटला जाणारा उजवीकडचा जाड भाग लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, म्हणजे आद्यांत्राच्या कवेत बसलेला असतो, आणि यकृताकडून पित्त आणणारी नलिका याच भागातून वाट काढत आद्यांत्रात उघडते. या भागात गाठ झाली की पित्तनलिका दबते, पित्त रक्तात उलटते आणि कावीळ होते : डोळे पिवळे, लघवी गडद, शौच मातीसारखे फिके आणि अंगाला न थांबणारी खाज. बाझेल येथील शल्यचिकित्सक लुडविग कुर्वाझिए यांनी १८९० साली नोंदवले की, कावीळ असताना पित्ताशय फुगून हाताला लागत असेल, तर कारण पित्ताचे खडे असण्याची शक्यता कमी असते. पोट न दुखता चढत जाणारी कावीळ आणि हाताला लागणारे पित्ताशय ही जोडी आजही डॉक्टरांना गाठीची शंका घ्यायला लावते.

महाराष्ट्रात काविळीवर घरगुती आणि गावठी उपचारांची जुनी परंपरा आहे. भुईआवळ्याचा रस, नाकात सोडायचे थेंब, डोक्यावर ठेवायची आणि ‘कावीळ उतरते तशी वाढत जाणारी’ माळ हे प्रकार औद्योगिक पट्ट्यातील वस्त्यांतही गावाकडून आले आणि टिकले. विषाणूजन्य कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे या उपचारांना यशाचे श्रेय सहज मिळत गेले आणि त्यांच्यावरील विश्वास पिढ्यान्‌पिढ्या पक्का झाला. नलिका दबल्याने झालेली कावीळ मात्र अशी ओसरत नाही. पहिल्या सोनोग्राफीपर्यंत गेलेले हे आठवडे सर्वच रुग्णांच्या बाबतीत निर्णायक ठरतात असे म्हणता येणार नाही, कारण हा रोग बहुतेकदा कावीळ दिसण्यापूर्वीच पसरलेला असतो. पण ज्या थोड्यांची गाठ अजून काढण्याजोगी असते, त्यांच्याकडे दवडायला वेळ नसतो.

ती गाठ काढण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. इटलीतील इमोला येथे अलेस्सांद्रो कोदिविल्ला यांनी १८९८ साली स्वादुपिंडाचे डोके आणि आद्यांत्र एकत्र काढले. रुग्ण महिन्याच्या आत दगावला आणि पुढे कोदिविल्ला यांचे नाव झाले ते अस्थिशल्यचिकित्सेत. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी पित्तनलिका आद्यांत्रात उघडते त्या मुखाची, म्हणजे पित्तमुखाची, गाठ तेवढ्यापुरती काढली. या शस्त्रक्रियेतून रुग्ण प्रथम सावरला तो बर्लिनमध्ये, १९०९ साली. वाल्टर काउश यांनी ती दोन टप्प्यांत विभागली : आधी पित्ताशय आतड्याला जोडून कावीळ उतरू दिली आणि सुमारे दोन महिन्यांनी गाठ काढली. तो रुग्ण काही महिने जगला आणि नंतर पित्तमार्गातील जंतुसंसर्गाने गेला. या दोन टप्प्यांमागे निव्वळ सावधगिरी नव्हती. आतड्यात पित्त पोचत नसेल तर स्निग्ध पदार्थ आणि त्यांत विरघळणारी जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत. ‘के’ जीवनसत्त्व न मिळाल्याने यकृताला रक्त गोठवणारी द्रव्ये तयार करता येत नाहीत. आणि असा रुग्ण शस्त्रक्रियेच्या मेजावर रक्त वाहून जाऊन मरतो. काउश यांना हे जीवनसत्त्व ठाऊक नव्हते, पण कावीळ असलेल्या माणसाचे रक्त थांबत नाही हे त्यांच्या पिढीतील प्रत्येक शल्यचिकित्सकाला ठाऊक होते.

आज ही शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ॲलन व्हिपल यांचा जन्म १८८१ साली इराणमधील उर्मिया येथे, मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. न्यूयॉर्कमध्ये काम करताना त्यांनी १९३५ साली पार्सन्स आणि मलिन्स या सहकाऱ्यांसह तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या तिन्ही रुग्णांना पित्तमुखाचा कर्करोग होता. यांतील पहिला रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दीड दिवसही जगला नाही. जोड शिवण्यासाठी कॅटगट वापरले होते. कॅटगट म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेला, शरीरात विरघळणारा धागा. तो प्रथिनांचा असतो, आणि प्रथिने पचवणे हेच तर स्वादुपिंडरसाचे काम. रसाने धागा पचवला आणि जोड उकलला. पुढच्या रुग्णांसाठी व्हिपल यांनी रेशमी धागा घेतला, तो टिकला, आणि ते रुग्ण काही महिने ते दोन वर्षांहून अधिक काळ जगले. स्वादुपिंड शिवताना धाग्याची निवडही जीवनमरणाची ठरते, हे या एका मृत्यूने दाखवून दिले.

ही शस्त्रक्रिया मूळची पित्तमुखाच्या गाठीसाठी होती, ही गोष्ट आजच्या वाचकानेही लक्षात ठेवावी. पित्तमुख, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि स्वादुपिंडाचे डोके येथील गाठी शेजारी असतात, कावीळही सारखीच करतात आणि शस्त्रक्रियाही तीच लागते. परंतु पित्तमुखाची गाठ आकाराने लहान असतानाच कावीळ करते आणि तिच्या रुग्णांचे आयुष्य नंतरही तुलनेने लांब असते, तर स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठ शेजारच्या मज्जातंतूंत आणि रक्तवाहिन्यांत लवकर शिरते. शिकागोचे अलेक्झांडर ब्रन्श्विग यांनी १९३७ साली स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कर्करोगासाठी अशी शस्त्रक्रिया केली, तेव्हा रुग्ण तीन महिनेही जगला नाही. शेजारच्या घरातील ‘तसल्याच ऑपरेशन’नंतर कोणी दहा वर्षे जगल्याचे ऐकून आशा बांधणाऱ्या कुटुंबाने, ती गाठ नेमकी कोठली होती, हे आधी विचारायला हवे.

मधल्या काळात कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिलांना स्निग्धांश काढलेला आहार देत होते. पिलांना रक्तस्राव होऊ लागला आणि त्या शोधातून ‘के’ जीवनसत्त्व पुढे आले, ज्यासाठी डॅम आणि अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड डॉइझी यांना १९४३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. काविळीच्या रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी हे जीवनसत्त्व टोचता येऊ लागले आणि दोन टप्प्यांचे मुख्य कारणच संपले. मार्च १९४० मध्ये व्हिपल जठराचा कर्करोग समजून एका रुग्णाचे पोट उघडून उभे होते. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात निघाली, रुग्णाला कावीळ नव्हती, आणि त्यांनी सगळी शस्त्रक्रिया एकाच बैठकीत पूर्ण केली. शल्यशास्त्राचा इतिहास थोर हातांच्या आठवणींनी भरलेला असतो, त्यात या पिलांना फारशी जागा मिळत नाही. वास्तविक एकटप्पी शस्त्रक्रियेचा मार्ग त्यांनीच मोकळा केला.

रक्तस्रावानंतरचा दुसरा शत्रू जंतुसंसर्ग. त्याचा इतिहास काळेवाडीच्या समोरच्या काठावर येतो. मार्च १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. युनिसेफने यंत्रसामग्री आणि जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य दिले, आणि १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. औषधनिर्मितीतील हा देशातील पहिला सार्वजनिक उद्योग. पिंपरी-चिंचवडमध्ये आजही ‘एचए कंपनी’ एवढे म्हटले की पत्ता सांगायची गरज पडत नाही. पुढे येथे स्ट्रेप्टोमायसिनही बनू लागले आणि कंपनीच्या स्वतःच्या संशोधनातून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघाले. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेच्या संदर्भात पेनिसिलिनचे माहात्म्य अतिरंजित करणे चुकीचे ठरेल, कारण आतड्यातील अनेक जंतूंवर ते एकटे पुरे पडत नाही आणि नंतरच्या पिढीतील प्रतिजैविकांनाच तेथे खरे काम करावे लागले. तरीही, प्रतिजैविक ही बाहेरून आयात होणारी दुर्मीळ वस्तू न राहता जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात मिळणारी गोष्ट झाली, यात या कारखान्याचा वाटा मोठा आहे. आणि पोटाच्या कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेचे धाडस त्या कपाटाच्या भरवशावरच करता येते.

एवढे होऊनही १९६० आणि १९७० च्या दशकांत या शस्त्रक्रियेची अवस्था बिकट होती. अनेक रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या पाचांपैकी एक, कोठे चारांपैकी एक रुग्ण घरी परतत नसे; आणि परतलेल्यांपैकीही बहुतेकांना कर्करोग पुन्हा गाठत असे. क्लीव्हलंडचे जॉर्ज क्राइल यांनी १९७० साली स्पष्टपणे मांडले की, गाठ काढण्यापेक्षा पित्ताला आणि अन्नाला वळसा घालून वाट करून देणारी साधी शस्त्रक्रिया रुग्णाला अधिक दिवस देते. हे मत तेव्हा निराशावादी वाटले, तरी त्या काळातील आकड्यांशी ते प्रामाणिक होते. भारतात या रोगाचे नाव घरोघर पोचले ते ३ मे १९८१ रोजी अभिनेत्री नर्गिस दत्त यांच्या निधनाने. न्यूयॉर्कमधील नामांकित कर्करोग रुग्णालयातील उपचारांनंतरही स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले, आणि १९८७ साली तेथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. मुंबईत अशी लोकसंख्याधारित नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६० च्या दशकातच सुरू केली होती. या नोंदींतून दिसते की, स्वादुपिंडाचा कर्करोग आपल्याकडे तोंड, स्तन किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तुलनेत विरळ आहे. विरळ असणे ही समाधानाची बाब खरी, पण तिचा एक उलटा परिणाम होतो : एखाद्या शहरात वर्षाकाठी मोजक्याच शस्त्रक्रिया होणार असतील आणि त्या वीस रुग्णालयांत वाटल्या गेल्या, तर कोणत्याच चमूचा हात बसत नाही.

शस्त्रक्रियेचे भवितव्य याच मुद्द्यावर पालटले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या जॉन कॅमेरन यांनी १९९३ साली सलग १४५ रुग्णांत एकही मृत्यू न झाल्याचे प्रसिद्ध केले. ते असामान्य हाताचे शल्यचिकित्सक होतेच. परंतु २००२ साली बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले ते एका हाताच्या पलीकडचे होते. जेथे ही शस्त्रक्रिया अगदी क्वचित होते अशा रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के, आणि जेथे ती नित्याची आहे तेथे ३.८ टक्के. त्यांनी तपासलेल्या अनेक मोठ्या शस्त्रक्रियांमध्ये इतकी तफावत दुसऱ्या कोणत्याही अवयवाच्या बाबतीत आढळली नाही. याचे कारण समजण्यासाठी शस्त्रक्रियेच्या आत डोकवावे लागते.

शल्यचिकित्सक प्रथम पोट पाहतो; यकृतावर किंवा आतड्याच्या आवरणावर रोगाचे ठिपके दिसले तर बहुधा तेथेच थांबतो. नाही तर स्वादुपिंडाची मान आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या जाड नीलेवरून अलगद सुटी करतो, आणि डोके, आद्यांत्र, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि काही वेळा जठराचा शेवटचा भाग असा एकसंध तुकडा काढतो. हे काढणे जोखमीचे असते, पण अनुभवी हाताला ते साधते. पुढे तीन जोड घालायचे असतात : आतड्याला उरलेले स्वादुपिंड, आतड्याला पित्तनलिका आणि आतड्याला जठर. शेवटचे दोन जोड सहसा दगा देत नाहीत. पहिला देतो. निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखे मऊ असते, त्यात टाका घट्ट ओढला तर तो चिरत जातो आणि सैल ठेवला तर फट राहते. आतील रसनलिका कधीकधी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची, तिला भिंगाच्या चष्म्यातून केसासारख्या धाग्याने टाके घालायचे. विचित्र असे की, दीर्घ रोगाने कठीण झालेल्या स्वादुपिंडात जोड चांगला धरतो आणि निरोगी, मऊ स्वादुपिंडात गळतो. काळेवाडीतील कोणत्याही फिटरला पाइपाचा जोड पाण्याचा दाब देऊन तपासता येतो. येथे ती सोय नाही, आणि गळणारा द्रव स्वतःच जोडाला खात असतो.

गळती झाली आहे की नाही हे ओळखण्यासाठी जोडाशेजारी एक नळी, म्हणजे ड्रेन, ठेवतात. तिसऱ्या दिवशी तिच्या पिशवीतील द्रवात ॲमायलेज हे विकर रक्तातील कमाल पातळीच्या तिपटीहून अधिक असेल, तर रस झिरपत आहे असे मानले जाते. ही व्याख्या २००५ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने ठरवली आणि २०१६ साली तिच्यात बदल केला, ज्यानुसार केवळ प्रयोगशाळेत दिसणारी आणि रुग्णाला कसलाही त्रास न देणारी गळती आता गुंतागुंतीत मोजली जात नाही. तीव्र गळतीच्या ‘बी’ आणि ‘सी’ अशा दोन श्रेणी आहेत, ‘बी’मध्ये नळी आठवडेच्या आठवडे राहते, ताप येतो, प्रतिजैविके किंवा त्वचेतून आणखी एक नळी लागते, ‘सी’मध्ये अवयव निकामी होऊ लागतात किंवा पुन्हा पोट उघडावे लागते.

सर्वांत भयंकर प्रसंग मात्र गळतीनंतरचा असतो. झिरपणारा रस शेजारच्या, शस्त्रक्रियेत बांधून टाकलेल्या धमनीच्या टोकाला कुरतडतो, आणि सात-आठ दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा, रुग्ण बरा होऊ लागला असे घरच्यांना वाटत असताना, नळीच्या पिशवीत चमचाभर ताजे लाल रक्त दिसते. ते आपोआप थांबते. शल्यचिकित्सक त्याला पहाऱ्याचा रक्तस्राव म्हणतात, कारण काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत जो महापूर येऊ शकतो त्याची ती आगाऊ वर्दी असते. रात्री दोन वाजता पिशवी बदलणाऱ्या परिचारिकेने ते रक्त ओळखले, निवासी डॉक्टरने लगेच सीटी स्कॅन करून घेतला आणि मांडीतून धमनीत बारीक नळी सरकवून फुटणारी जागा बंद करणारा तज्ज्ञ रुग्णालयात असला, तर रुग्ण वाचतो. यांपैकी एक कडी तुटली, तर दिवसा केलेल्या सुंदर टाक्यांचा उपयोग होत नाही. बर्कमायर यांच्या आकड्यांतील तफावतीचे मोठे उत्तर या रात्रपाळीत आहे. गुंतागुंत चांगल्या रुग्णालयातही होते, जवळजवळ एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना काही ना काही होतेच, पण चांगल्या रुग्णालयात तिने माणूस मरत नाही. तेथे आज मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असते. गुंतागुंतींमध्ये जठर आठवडाभर किंवा अधिक काळ न हलणे हा प्रकारही बराच आढळतो. नाकातील नळी निघत नाही, अन्न पुढे सरकत नाही, आणि घरच्यांना ते ऑपरेशन फसल्याचे लक्षण वाटते, वास्तविक बहुतेकदा ते आपोआप सुटते.

महाराष्ट्रात अशी व्यवस्था प्रथम मुंबईत रुजली. मेहेरबाई टाटा यांचे १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, आणि त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या न्यासाने उभारलेले परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. डॉ. शैलेश श्रीखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील सुमारे दोन दशकांतील ५०० व्हिपल शस्त्रक्रियांचा आढावा २०१३ साली प्रसिद्ध केला, आणि निकाल सुधारल्याचे श्रेय त्याच्या शीर्षकातच सेवेच्या फेररचनेला दिले. हा तपशील बोलका आहे. एखाद्या नव्या टाक्याचा किंवा यंत्राचा शोध त्या आढाव्याच्या केंद्रस्थानी नव्हता; ठरावीक चमूकडे या रुग्णांचे काम सोपवणे हे होते.

काळेवाडीच्या दृष्टीने पाहता, परळ अनेक वर्षे या बाबतीत एकमेव पत्ता होता : चिंचवड स्थानकावरून सिंहगड एक्सप्रेस, दादरला उतरणे, आणि नातेवाइकांसाठी गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते पाहणे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय १९८९ साली सुरू झाले, आणि काळेवाडी फाट्यापासून जवळच थेरगावला आदित्य बिर्ला मेमोरियल रुग्णालय २००६ साली. पुण्यातही यकृत-स्वादुपिंडाचे विशेषज्ञ आणि एंडोस्कोपीची सुसज्ज केंद्रे उभी राहिली. जवळीक ही मोठी सोय आहे, पण या एका शस्त्रक्रियेपुरती तिला दुय्यम मानावी लागते. येथे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात, रात्री रक्तवाहिनी बंद करणारा तज्ज्ञ हजर असतो का, अतिदक्षता विभाग कोणाच्या ताब्यात असतो, हे प्रश्न नातेवाइकांनी विचारले तर ते उद्धटपणाचे ठरत नाही. चांगला शल्यचिकित्सक त्यांची उत्तरे आकड्यांत देतो.

शस्त्रक्रियेपूर्वी काविळीचे काय करायचे, हा प्रश्नही इतिहासाने एकदा सोडवून पुन्हा उपस्थित केला. एंडोस्कोपीने पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे तिला उघडी ठेवणारी बारीक नळी, घालणे १९८० च्या सुमारास शक्य झाले, तेव्हा काउश यांचा पहिला टप्पा आता चाकूशिवाय करता येईल या आनंदात जवळजवळ प्रत्येक रुग्णाची कावीळ आधी उतरवली जाऊ लागली. २०१० साली नेदरलँड्समधील चाचणीने दाखवले की, थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३९ टक्क्यांना, तर आधी स्टेंट घातलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. नळीवाटे जंतू पित्तात शिरत होते. आता ताप, अतितीव्र कावीळ, किंवा आधी केमोथेरपी द्यायची असणे अशा कारणांपुरता स्टेंट राखून ठेवतात. आपल्याकडे मात्र शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत आणि पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत कावीळ तशीच ठेवता येत नाही म्हणून तो घालावा लागतो, हे कारण कोणत्याही डच चाचणीत बसणारे नाही.

पैशांची जुळवाजुळव हा या वस्तीतील प्रकरणाचा अर्धा भाग आहे. १९४८ च्या कायद्याने आलेला कर्मचारी राज्य विमा हा कारखान्यातील कामगाराचा पहिला आधार. चिंचवडच्या मोहननगरात त्याचे रुग्णालय आहे, आणि मोठ्या उपचारांसाठी तेथून पुढे पाठवले जाते. पण जानेवारी २०१७ पासून त्याची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये आहे, आणि विमा नोकरीशी बांधलेला असल्याने कंत्राटी कामगाराला तो नोकरीइतकाच भरवशाचा असतो. राज्य सरकारची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते आणि पुणे नव्हते. त्यामुळे सोलापूरहून कामासाठी काळेवाडीला आलेल्या माणसाचा गावाकडचा भाऊ योजनेत आणि तो स्वतः बाहेर, अशी स्थिती सव्वा वर्षाहून अधिक काळ, योजना राज्यभर लागू होईपर्यंत, राहिली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि नंतर दीड लाखांची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढवली गेली. व्हिपल शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत आहे. ठरावीक रकमेच्या पॅकेजमध्ये सुरळीत पार पडलेली शस्त्रक्रिया बसते; चाळीस दिवस नळी वाहणारा रुग्ण त्यात बसवणे कठीण असते, आणि धोका समजावून सांगताना हा आर्थिक धोकाही सांगितला गेला पाहिजे.

घरी परतल्यावरही काही प्रश्न राहतात. स्वादुपिंडाचा तुकडा गेल्याने काहींना मधुमेह होतो, आणि पाचकरस कमी पडल्याने शौच तेलकट होते, वजन घटते. त्यावर जेवणाबरोबर विकरांच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. देहू आणि आळंदी जेथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्या भागातील माळकरी घरात ही बाब लहान नाही, आणि मुस्लिम घरातही नाही. ती न सांगता औषध दिले आणि नंतर वेष्टनावर वाचून रुग्णाने ते गुपचूप सोडले, तर त्याची खंगण्याची कारणे डॉक्टर भलतीकडे शोधत बसतात.

कर्करोग परत येण्याची शक्यता हा या सगळ्या धोक्यांतील सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली तरी उरतो. २०२० साली जगभरात या रोगाचे सुमारे ४ लाख ९६ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४ लाख ६६ हजार मृत्यू नोंदले गेले. हे दोन आकडे इतके जवळ असणे फार थोड्या कर्करोगांत आढळते. निदानाच्या वेळी शंभरांत पंधरा ते वीस जणांचीच गाठ काढण्याजोगी असते, आणि काढलेल्यांपैकी पाच वर्षांनंतर हयात असणारे बराच काळ पाचांत एक एवढेच होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स आणि कॅनडातील चाचणीत, शस्त्रक्रियेतून नीट सावरलेल्या निवडक रुग्णांना चार औषधांची तीव्र केमोथेरपी दिल्यावर त्यांचे मध्यम आयुर्मान ५४ महिन्यांवर गेले, तर जुन्या एका औषधावर ते ३५ महिने होते. ही केमोथेरपी बारा आठवड्यांच्या आत सुरू व्हावी लागते, आणि ज्याची नळी अजून वाहत आहे त्याला ती सुरू करता येत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी घातलेल्या त्या जोडाचा हिशोब तीन महिन्यांनीही चालूच असतो. शस्त्रक्रिया परळला झाली असली तरी ही औषधे दर पंधरा दिवसांनी पिंपरी-चिंचवडमध्येच घेता येतात, आणि अनेक कुटुंबे आता उपचारांची अशीच विभागणी करतात.